सिग्नलला बंद पडणारी जुनी मारुती: स्लो का टिकत नाही आणि दोष कुठे शोधायचा

गाडी हायवेला नीट पळते, घाट चढते, ॲव्हरेजही बरं देते. पण सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दहातून एखाद्या वेळी बंद पडते. स्टार्टर मारला की लगेच चालू होते. गॅरेजमध्ये नेली तर तासभर छान धुगधुगत उभी राहते आणि काही सापडत नाही. मग मेकॅनिक स्लोचा (पाय काढल्यावर इंजिन ज्या संथ वेगाने फिरतं त्याचा) स्क्रू अर्धा फेरा आत फिरवतो, इंजिन जोरात फिरायला लागतं आणि तक्रार महिनाभर दबते.

दोष मात्र जिथल्या तिथेच असतो. वाढवलेल्या स्लोमुळे पेट्रोल जास्त जातं, किल्ली काढल्यावरही इंजिन दोन-चार गचके खातं, आणि मूळ बिघाड वाढला की गाडी 1200 आरपीएमलाही बंद पडते. दोष सापडेपर्यंत त्या स्क्रूला हात लावू नये.

इथे उदाहरणाला कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) मारुती 800 घेतली आहे. डिसेंबर 1983 पासून जानेवारी 2014 पर्यंत बनलेल्या या गाडीतलं 796 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन महाराष्ट्रातल्या बहुतेक गॅरेजना पाठ आहे. ओम्नीसाठी सगळं जवळपास तसंच लागू पडतं, आणि इतर जुन्या कार्बोरेटर गाड्यांनाही तर्क हाच. इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं आहे, ते शेवटी घेऊ.

आयडललाच का?

पाय काढल्यावर, म्हणजे आयडलला (गॅरेजच्या भाषेत स्लोला), थ्रॉटलची झडप, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट उघडणारी झडप, जवळजवळ बंद असते. त्या वेळी पेट्रोल मुख्य जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) येतच नाही. झडपेच्या कडेखाली उघडणाऱ्या एका वेगळ्या बारीक वाटेने ते येतं, आणि त्या वाटेवरच्या स्लो जेटचं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं. तिथे गंजाचा एक कण अडकला तर आयडल संपलं, पण वेगात गाडीला काहीच जाणवत नाही, कारण तेव्हा मुख्य जेट काम करत असतो.

हवेचंही तसंच. आयडलला इंजिन फार थोडी हवा ओढतं, त्यामुळे पॅकिंगच्या फटीतून आलेली चोरटी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होते आणि मिश्रण पातळ होतं. रेस दिली की तीच गळती नगण्य ठरते.

त्यात तीन सिलेंडर. 900 आरपीएमला या इंजिनात साधारण दर 44 मिलिसेकंदांनी एक ठिणगी पडते. चार सिलेंडरच्या इंजिनात दर 33 मिलिसेकंदांनी. एक ठिणगी चुकली तर पुढची येईपर्यंत जवळपास 90 मिलिसेकंद फ्लायव्हीलने एकट्याने इंजिन ओढायचं असतं. वेगात ते सहज जमतं. आयडलला लागोपाठ दोन चुकल्या की खेळ संपतो. म्हणून जे छोटे दोष एरवी लपून राहतात ते आयडलला बाहेर पडतात, आणि तेही रोज नाही.

आधी बघा, ती कशी बंद पडते

काहीही उघडण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवायच्या: बंद पडताना इंजिन काय करतं, आणि त्या वेळी परिस्थिती काय असते.

बटण दाबून दिवा घालवावा तसं इंजिन क्षणात गप्प झालं, आधी काही कुरकुर नाही, तर संशय विजेवर: इग्निशन स्विच, कॉइलची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची) वायर, डेल्कोच्या (ती वीज प्लगना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) आतलं कनेक्शन. डुगडुगत, आचके देत, हळूहळू मेलं तर पेट्रोल किंवा हवा. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत मेलं आणि पुन्हा चालू करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा लागला तर पेट्रोल जास्त होतंय. रेस धरली की चालते, सोडली की लगेच बंद, असं असेल तर स्लोची वाट बंद आहे.

परिस्थितीवरूनही खूप कळतं. फक्त थंड असताना बंद पडत असेल तर चोक आणि पातळ मिश्रण. गरम झाल्यावर पडत असेल तर कॉइल, टाइट टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग) किंवा फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) उकळणारं पेट्रोल. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे यातली शेवटची तक्रार नेहमीची. ब्रेक दाबल्यावरच पडत असेल तर, गाडीला बूस्टर (इंजिनच्या ओढीने ब्रेक हलका करणारा भाग) असल्यास, बूस्टरचा पाइप किंवा डायफ्राम. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर पडत असेल तर बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग. पहिल्या पावसात सुरू झालं असेल तर डेल्कोचं झाकण आणि प्लगच्या वायरी.

इथे एक चाचणी फुकटात होते. गाडी चौथ्या गिअरमध्ये भरल्या लोडने चढावर दमदार ओढत असेल तर पेट्रोलचा पंप आणि फिल्टर यांच्यामागे लागू नका. पुरवठा कमी पडला तर तो आधी चढावर जाणवतो, कारण तिथे पेट्रोल कितीतरी पट जास्त लागतं. आयडलच्या तक्रारीवर पंप बदलून पैसे वाया जातात ते इथेच.

दोष चालू असतानाच पकडायचा

अधूनमधून येणारा दोष इंजिन नीट चालत असताना सापडत नाही. त्यामुळे सापळा लावून ठेवावा लागतो.

विजेसाठी सापळा सोपा आहे. 12 व्होल्ट 5 वॅटचा एक बल्ब घ्या. त्याची एक वायर 2 अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडा, दुसरी बॉडीला. वायर एक्झॉस्ट आणि पट्ट्यापासून लांब ठेवून बल्ब ड्रायव्हरसमोर आणा. गाडी बंद पडली की किल्लीला हात न लावता आधी बल्बकडे बघा. विझलेला असेल तर इग्निशन स्विच, फ्यूज बॉक्स किंवा कॉइलपर्यंतची वायर दोषी. या वयाच्या गाड्यांत स्विचचे आतले संपर्क झिजलेले असतात. इंजिन चालू ठेवून किल्ली हलकेच हलवली आणि बल्ब लुकलुकला तर शोध तिथेच संपला. बल्ब ठळक पेटलेला असेल तर कॉइलपर्यंत वीज येतेय, दोष पुढे आहे.

पेट्रोलसाठी: गाडी बंद पडल्याबरोबर किल्ली बंद करा, एअर क्लीनरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटलची दांडी हाताने झटकन उघडा. ॲक्सिलरेटर पंपातून पेट्रोलची बारीक, स्पष्ट धार दिसायला हवी. दिसली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि अडचण स्लोच्या वाटेत, हवेत किंवा ठिणगीत आहे. नाही दिसली तर मागे जा: नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी झडप), फिल्टर, पंप, टाकी. टाकीचं झाकण उघडल्यावर सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि मग गाडी सुरळीत झाली तर टाकीची हवेची वाट बुजलेली आहे. चेंबरला काचेची छोटी खिडकी असेल तर पातळी खुणेशी जुळते का हेही बघून घ्या.

चोरटी हवा

कार्बोरेटर गाडीत पहिला संशय हवेच्या गळतीवरच घ्यावा, आणि तिचा शोध स्वस्तही आहे. जागा ठरलेल्या आहेत: कार्बोरेटरखालचं जाड इन्सुलेटर आणि त्याची दोन्ही पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, डेल्कोच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनच्या ओढीने ठिणगी थोडी आधी पाडणाऱ्या भागाचा) पाइप, क्रँककेसच्या वाफा परत आणणारा पाइप, आणि थ्रॉटलच्या दांड्याचं झिजलेलं बुश. रबरी पाइप वरून चांगले दिसतात, पण टोकाला वाकवून बघितले की भेगा उघडतात.

इंजिन गरम करून आयडलला ठेवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, जागा मोकळी. बंद गॅरेजमध्ये हे अजिबात करू नका, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मग फवाऱ्याच्या बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक फवारा एकेका जोडावर मारा, डेल्को आणि वायरी सोडून. फटीवर पाणी पडलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज बदलतो. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. त्याने फरक जास्त ठळक कळतो, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी आणि गळक्या प्लग वायरींजवळ तो पेटतो. पाण्याने काम भागत असताना ती जोखीम घेण्यात अर्थ नाही.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर आणखी चांगलं. तो मॅनिफोल्डला जोडा. चांगल्या इंजिनात आयडलला काटा समुद्रसपाटीला 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याच्या) उभा राहतो. दर 300 मीटर उंचीला साधारण एक इंच वजा करायचा, म्हणजे पुण्यात जवळपास दोन आणि महाबळेश्वरला चारच्या वर इंच कमी दिसणं हे नॉर्मल. तीन सिलेंडरमध्ये काटा थोडा थरथरतो, त्याला घाबरू नका. स्थिर पण चार-पाच इंच कमी असेल तर गळती किंवा मागे पडलेलं ठिणगीचं टायमिंग. ठरावीक तालात एकदाच खाली झटका देत असेल तर एका सिलेंडरचा व्हॉल्व्ह. हळूहळू वरखाली डोलत असेल तर मिश्रण.

स्लोची वाट आणि सोलेनॉइड

कार्बोरेटरच्या अंगावर एक वायर लावलेला छोटा धातूचा दंडगोल दिसतो, तो फ्युएल कट सोलेनॉइड. किल्ली चालू केली की तो आतली सुई मागे ओढतो आणि स्लोची वाट उघडतो. किल्ली बंद, वाट बंद. याचं कनेक्टर सैल असेल किंवा आतली कॉइल गरम झाल्यावर सुटत असेल तर गाडी रेसवर चालते आणि पाय काढताच मरते. खड्ड्यानंतरच बंद पडणाऱ्या गाडीत हे पहिल्यांदा बघा. इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून वायर काढा आणि पुन्हा टेकवा. दर वेळी स्पष्ट टिक् ऐकू यायला हवं. वायरवर बॅटरीइतका व्होल्टेज हवा. टिक् येतं पण दुबळं वाटतं तर सोलेनॉइड खोलून सुई पूर्ण मागे जाते का ते डोळ्यांनी बघा.

सोलेनॉइड ठीक असेल तर स्लो जेट काढून साफ करा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. हवा उलट्या दिशेने मारा, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला तिथूनच परत जाईल. साफ केल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा अडकला तर टाकीत गंज आहे. तेव्हा टाकी उतरवून धुवा आणि फिल्टर बदला, नुसता जेट साफ करून चालणार नाही.

याउलट पेट्रोल जास्त होत असेल तर नीडल व्हॉल्व्ह किंवा भोक पडून पेट्रोल भरलेला फ्लोट (चेंबरमधली पातळी ठरवणारा तरंगता भाग). इंजिन आयडलला असताना कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा. मुख्य नळीतून थेंब टपकत असतील तर पातळी वर गेली आहे. फ्लोट काढून कानाजवळ हलवा, आत पेट्रोल असेल तर आवाज येतो.

डेल्कोच्या आत

पॉइंट (कॉइलची वीज तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) असलेल्या गाडीत फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट 0.4 ते 0.5 मिलिमीटर आहे का तपासा. पॉइंटवर एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर कंडेन्सर संशयित. त्याची क्षमता साधारण 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरड असते.

पण अधूनमधूनच्या बिघाडाचा खरा गुन्हेगार बहुतेकदा एक बोटभर लांबीची वायर असते. पॉइंटपासून डेल्कोच्या बाहेरच्या टोकापर्यंत जाणारी ही मऊ वायर ज्या प्लेटवर बसते ती प्लेट व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे दर वेळी रेस दिली की थोडी फिरते. वर्षानुवर्षं वाकून वाकून आतले तांब्याचे तंतू तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. मग प्लेट एका जागी असताना तंतू टेकलेले असतात, दुसऱ्या जागी सुटतात. बघून हे कळत नाही. झाकण काढा, किल्ली बंद ठेवा, मल्टिमीटर वायरच्या दोन टोकांना ओहमवर लावा आणि व्हॅक्यूम पाइप तोंडाने ओढा. प्लेट फिरताना आकडा शून्याच्या आसपासच राहायला हवा. एकदा जरी उडी मारली तरी वायर बदला. याच वेळी पाइप ओढून जिभेने बंद धरा. प्लेट तिथेच थांबली तर डायफ्राम चांगला, परत सरकली तर फाटलेला, म्हणजे हवेची आणखी एक गळती सापडली.

झाकणाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर झाकण टाकून द्या, घासून त्या जात नाहीत. रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर गळती ठिणग्यांच्या रूपात दिसते. हात लांब ठेवा. वायरींचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण 10 ते 20 किलोओहम असतो. कॉइल थंड असताना आणि इंजिन तापून बंद पडल्यावर, दोन्ही वेळा मोजा. फक्त थंडीत मोजलेल्या आकड्यावर कॉइलला निर्दोष ठरवू नका.

टॅपेट शांत आहेत, हे चांगलं लक्षण नव्हे

जुन्या इंजिनचा टकटक आवाज नको म्हणून टॅपेट टाइट केले जातात. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, सीटवर पूर्ण बसत नाही आणि आयडलला त्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन गळतं. गरम झाल्यावरच थरथरून बंद पडणाऱ्या गाडीत मॅन्युअलमधली फट फीलरने तपासा, थंड इंजिनची आणि गरम इंजिनची फट वेगळी असते हे लक्षात ठेवून. त्यानंतरही शंका राहिली तर तिन्ही प्लग काढा, कॉइलची वीज तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. सिलेंडरांमध्ये 15 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्बोरेटरवर कितीही मेहनत केली तरी स्लो बसणार नाही.

इथेनॉलचा परिणाम

आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांचे कार्बोरेटर त्यासाठी बनलेले नव्हते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5 पट. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून जुळवून घेते. कार्बोरेटरला ते कळत नाही आणि मिश्रण सुमारे 8 टक्के पातळ होतं. आधीच काठावर असलेलं आयडल त्याने ढासळतं. मिक्श्चर स्क्रू किंचित सैल करून हे बऱ्याच अंशी भरून निघतं.

दुसरा त्रास रबराचा. जुने पाइप आणि यांत्रिक पंपाचा डायफ्राम फुगतात, आतून सुटतात, आणि ते काळे कण स्लो जेटमध्ये जाऊन बसतात. पाइप बदलताना आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर असलेला, आर-9 खुणेचा घ्या. तिसरा पाण्याचा: इथेनॉल पाणी शोषतं आणि जास्त झालं की वेगळा थर होऊन तळाशी बसतं. फिल्टरमधलं 100 मिलिलीटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत अर्धा तास स्थिर ठेवा. खाली रेघ दिसली तर टाकी रिकामी करा. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे आवर्जून बघावं.

इंजेक्शनची गाडी असेल तर

एमपीएफआय मारुतीत मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरतं. तिथे हवेची गळती झाली की दाब वाढतो, कंप्युटर पेट्रोलही वाढवतो, आणि आयडल सहसा खाली न येता वर जातं. त्यामुळे बंद पडण्यामागे आधी थ्रॉटल बॉडीवर आणि आयडलची हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये साचलेला कार्बन बघा. मग कूलंट सेन्सर: 20 अंशांना साधारण 2 ते 3 किलोओहम, 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास. तो गरम इंजिनला थंड दाखवू लागला तर कंप्युटर पेट्रोल ओतत राहतो. दिवा विझल्यासारखी एकदम बंद पडत असेल तर मेन रिले काढून पायांजवळचं झाळकाम भिंगातून बघा, गोल भेग असते. आणि स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक ते बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांत 0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. ही शेवटची चाचणी कार्बोरेटरवाल्यांनीही करावी.

स्क्रूला हात लावायची वेळ

दोष काढल्यावरच ट्यूनिंग. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, लाइट बंद. मिक्श्चर स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्या. जोर लावला तर सुईला खाच पडते. तिथून दीड ते दोन फेरे बाहेर ही सुरुवात. मग पाव-पाव फेऱ्याने इंजिन सगळ्यात जास्त फिरेल तिथे आणा, आणि शेवटी स्लोच्या स्क्रूने 900 च्या आसपास बसवा. हेडलाइट लावून बघा, तरीही टिकायला हवं.

त्यानंतर पीयूसी केंद्रावर जा. तिथली चाचणी आयडललाच होते, त्यामुळे तिचे दोन आकडे उत्तम निदान करतात. बीएस-2 च्या आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमची मर्यादा आहे. बीएस-2 आणि बीएस-3 च्या गाड्यांना 0.5 टक्के आणि 750. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन भरपूर आलं तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे ठिणगी अजून चुकते किंवा मिश्रण फार पातळ आहे: पुन्हा डेल्को आणि पॅकिंगकडे. दोन्ही जास्त असतील तर फ्लोट आणि चोककडे. दोन्ही मर्यादेत असतील आणि ज्या परिस्थितीत गाडी पूर्वी बंद पडायची तशाच उन्हात, तशाच ट्रॅफिकमध्ये आठवडाभर टिकली, तर दोष गेला असं धरायला हरकत नाही.